‘गोव्यात चालतो कोण?’ म्हणणाऱ्यांना उत्तर

स्मार्ट सिटीची कामे सुरू झाल्यापासून पणजीत एक म्हणणे सगळीकडे फिरते आहे: ‘मनपाने फुटपाथ आणि सायकल ट्रॅकवर कोट्यवधी उधळले. गोव्यात चालतो कोण? सायकल ही रविवारची हौस, त्यात चार महिने पाऊस. तो पैसा पार्किंगला द्या.’

मुळात हा पैसा मनपाच्या हातात नव्हताच. 2015 च्या स्मार्ट सिटी मिशनमध्ये केंद्राचे शहरामागे 500 कोटींपर्यंत, तेवढाच वाटा राज्य आणि पालिकेने घालायचा, आणि खर्च करायचा तो वेगळ्या कंपनीने. पणजीत ही ‘इमॅजिन पणजी’. ज्या खोदाईने पणजीकर मेटाकुटीला आले, तिच्यात मलनिस्सारण वाहिन्यांचे काम मोठे होते. लोकांचा राग रास्तच आहे. पण नगरसेवकाला दारात गाठून विचारता येते, कंपनीच्या संचालक मंडळाला मतदाराने कुठे गाठायचे?

पंचायतींचे हात तर आणखी बांधलेले. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-26 च्या अनुदानातले 60 टक्के स्वच्छता आणि पिण्याच्या पाण्यासाठीच राखीव होते. त्यात गावातला मुख्य रस्ता बहुतेक वेळा सार्वजनिक बांधकाम खात्याचा.

आता ‘चालतो कोण?’ कदंब बसस्थानकावर उतरणारा प्रत्येक माणूस. सायकलवर कोण? पहाटे भोंगा वाजवत येणारा पोदेर म्हणजे पाववाला, बांधकामावर जाणारे कामगार. 2022 मध्ये देशभरात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली, त्यातले 32,825 पादचारी. कोणी चालतच नाही, तर ही माणसे कोण होती?

पावसाचा मुद्दा तर उलटाच पडतो. आपल्याकडे फुटपाथ म्हणजे बऱ्याच ठिकाणी गटारावर टाकलेल्या लाद्या. जुलैत पाणी वर आले की तुटलेली लादी दिसत नाही आणि पाय थेट आत जातो. पाऊस आहे म्हणूनच ते काम धड व्हायला हवे.

एक तक्रार मात्र पूर्ण खरी आहे: केलेले काम वाईट आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या निकषांप्रमाणे चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा हवी आणि कडेची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. प्रत्यक्षात काय दिसते? अंध व्यक्तींसाठी बसवलेल्या पिवळ्या फरशा सरळ विजेच्या खांबावर जाऊन आदळतात, आणि प्रत्येक फाटकाशी म्हाताऱ्या माणसाला खाली उतरून पुन्हा वर चढावे लागते. उरलेल्या जागेत स्कूटर. याला उपाय निधी तोडणे नव्हे. 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोगा फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले आहे.

पालिकेत किंवा ग्रामसभेत मागायचेच असेल तर हे मागा: ठेकेदाराचे शेवटचे बिल मंजूर करण्याआधी अभियंत्याने व्हीलचेअरवर बसून त्या फुटपाथची एक फेरी पूर्ण करावी. जिथे अडेल तिथले पैसे रोखून धरा.