ब्रिजचा सभासद भिडूमुळे टिकतो

गेल्या गुरुवारी रात्री ९ वाजता आमच्या ऑनलाइन ब्रिज क्लबात ११ जण आले. ब्रिज हा पत्त्यांचा खेळ जोडीने खेळतात, त्यामुळे अकराव्या गृहस्थांना भिडू मिळेना. ते पाचेक मिनिटं थांबले, मग त्यांनी लिहिलं, "आज राहू द्या, मी पुढच्या वेळी येतो," आणि ते निघून गेले. उरलेल्या पाच जोड्यांचा खेळ सुरू झाला. ते गेल्याबद्दल कुणी काही बोललं नाही. मीही नाही, आणि हा ग्रुप मीच चालवतो. तेव्हापासून ते मनातून जात नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय. असे ग्रुप चालवणारे बरेच जण माझ्या यादीत आहेत, त्यांनी जरूर वाचावं.

आम्ही एप्रिल २०२० मध्ये सुरुवात केली. पुण्यातली आमची पत्त्यांची खोली बंद झाली होती आणि बीबीओ, म्हणजे ब्रिज बेस ऑनलाइन हे ब्रिज खेळायचं संकेतस्थळ, हाताशी होतं. ते २००१ पासून चालू आहे, पण आमच्यातल्या निम्म्या लोकांनी तोवर त्याचं नावही ऐकलं नव्हतं. तेव्हा कुणाला बोलवावं लागायचं नाही. नऊच्या आधीच सगळे हजर. मग दारं उघडली, लोक प्रत्यक्षातल्या क्लबात परतले, कुणी नातवंडांकडे गेलं. ते गेले यात काही वाईट नाही. मला काळजी वाटते ती वेगळ्यांची. जे कुठेच गेले नाहीत, घरीच आहेत, ब्रिज आजही मनापासून आवडतो, तरीही येत नाहीत, अशांची.

संख्या कमी होऊ लागली की आपण सगळे एकच उपाय करतो: आणखी स्पर्धा. २०२२ मध्ये मीही केला. महिन्याची लीग, गुणांचा तक्ता, पहिल्या तिघांची नावं ग्रुपवर. परिणाम असा झाला की वरच्या चार जोड्या अधिक नेमाने येऊ लागल्या आणि खालच्या गळाल्या. दर आठवड्याला आपलं नाव तळाला वाचायला कोण येईल? तो तक्ता मी बंद केला. आणखी आधी करायला हवा होता.

ब्रिज बाकीच्या पत्त्यांच्या खेळांसारखा नाही. रमीत ज्याचा तो खेळतो, बदाम सातातही तसंच. इथे मात्र समोर भिडू लागतो. एरवी आपण 'पार्टनर' म्हणतो, पण तीनशे चार हा पत्त्यांचा डाव खेळत मोठा झालेल्या माझ्यासारख्याच्या तोंडी भिडूच येतो, आणि त्या शब्दात जास्त जवळीक आहे. ५२ पानांतली आपल्याला फक्त १३ दिसतात. भिडूच्या हातात काय आहे ते बोलीतूनच, म्हणजे खेळाआधी आपण किती हात करू हे आळीपाळीने सांगण्यातूनच कळायचं, आणि त्याने आपलं ऐकलं यावर विश्वास ठेवायचा. २०१८ मध्ये जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ब्रिज पहिल्यांदाच आला आणि पुरुषांच्या जोडीचं सुवर्णपदक भारताला मिळालं. प्रणव बर्धन तेव्हा ६० वर्षांचे होते आणि शिबनाथ सरकार ५६ चे. बातम्यांनी त्यांच्या वयाचं कौतुक केलं. मला मात्र ते दोघं किती वर्षं एकमेकांसमोर बसले असतील, याचंच अप्रूप वाटत राहिलं.

आता एका काकूंबद्दल सांगतो. वय ७१, नवऱ्याबरोबर खेळायच्या, ते गेल्यावर एकट्या पडल्या. ऑनलाइन शिकल्या, हळूहळू रुळल्या. एका रात्री त्यांनी एक नो ट्रम्पने, म्हणजे हुकमाशिवाय खेळायच्या बोलीने सुरुवात केली. तिचा अर्थ, हातात मोठ्या पानांचे १५ ते १७ गुण आहेत. समोरच्या भिडूने दोन किलवर म्हटलं. खेळणाऱ्यांना माहीत आहे, हा स्टेमन. त्याचा किलवरशी काही संबंध नाही, "तुझ्याकडे बदाम किंवा इस्पिकची चार पानं आहेत का?" एवढाच प्रश्न असतो. काकूंकडे किलवरची चार पानं होती. त्यांना वाटलं भिडूला किलवर हवंय, आणि त्यांनी पास दिला. इस्पिकचीही चार होती. हीच पानं इतर टेबलांवरही होती, तिथे चार इस्पिक आरामात झाले, यांचे दोन किलवर दोन हातांनी बुडाले. त्या डावाला शून्य टक्के.

अशी चूक शिकताना प्रत्येकाने केली आहे. प्रत्यक्ष टेबलावर भिडू कपाळाला हात लावतो, सगळे हसतात, चहा येतो, पुढचा डाव पिसला जातो. इथे त्याने चॅटमध्ये लिहिलं: "स्टेमन होता. एवढंही माहीत नाही?" प्रतिस्पर्ध्यांनीही वाचलं. लिहिलेल्या वाक्याला आवाज नसतो, हसू नसतं, आणि ते पडद्यावर तसंच राहतं. काकूंनी उरलेले डाव पूर्ण केले. पुढच्या आठवड्यात त्या म्हणाल्या, नेटवर्क नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नेटवर्क नाही. तिसऱ्या आठवड्यात मी विचारणंच सोडून दिलं.

दीड महिन्यापूर्वी त्यांना फोन केला. "अरे, माझ्यामुळे लोकांचे आकडे खराब होतात," त्या म्हणाल्या. त्या रोज दुपारी बीबीओवर रोबोंबरोबर खेळतात. रोबो रागावत नाही. म्हणजे खेळ सुटला नव्हता, क्लब सुटला होता.

त्या फोननंतर मी काही गोष्टी बदलल्या. टेबलावरच्या चॅटमध्ये कुणाच्या चुकीवर एक अक्षरही लिहायचं नाही. सगळ्या डावांची नोंद राहतेच, दुसऱ्या दिवशी दोघांनी फोनवर बोलावं आणि पान न् पान पाहावं. संशयाचंही तेच. २०२० मध्ये दुसऱ्या नावाने आत येऊन सगळ्यांची पानं पाहण्याचे प्रकार जगभर उघडकीला आले, तेव्हापासून जरा वेगळी उतारी लागली की लोकांच्या भुवया उंचावतात. शंका असेल तर ती एकट्या मला कळवा, ग्रुपवर कुजबुज नको. खोट्या आळाने मोडलेला माणूस परत येत नाही.

आणि आवाज. खेळताना व्हिडिओ कॉल चालू ठेवायला माझा विरोध आहे, कारण "अं..." एवढ्या आवाजानेही भिडूला नको ते कळतं. पण पावणेनऊ ते नऊ सगळ्यांनी कॉलवर यावं. कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाच्या दारचा आंबा मोहरलाय, हे बोलायला. या पंधरा मिनिटांसाठी लोक येतात, हे मला उशिरा कळलं.

डाव २४ वरून १२ केले. तीन तास बसणं सत्तरीच्या पाठीला जमत नाही. न्यू जर्सीतल्या दोघांसाठी रविवारी सकाळी ७ चा वेगळा खेळ ठेवला. तेव्हा तिकडे शनिवारची रात्र असते, उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेआठ. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळं बदलतात, ती आठवण आदल्या दिवशी मी स्वतः पाठवतो.

पण मुख्य काम एकच, आणि त्याला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही. बुधवारी संध्याकाळी मी वही घेऊन बसतो आणि पाहतो, उद्या कुणाला भिडू नाही. त्यांना फोन करतो. मेसेज नाही, फोन. "या" असं नाही म्हणत, "उद्या तुम्ही अमक्यांबरोबर आहात" असं सांगतो. फरक पडतो. ग्रुपवर टाकलेलं आमंत्रण कुणाचंच नसतं. समोर एक माणूस आपली वाट पाहणार आहे म्हटल्यावर न येणं जड जातं. गेल्या बुधवारी प्रवासात होतो, वही काढली नाही, आणि गुरुवारी ११ जण आले.

शुक्रवारी सकाळी त्या अकराव्या गृहस्थांना फोन केला. निवृत्त शिक्षक आहेत, खेळात काकूंपेक्षा बरेच पुढे. विचारलं, "सर, एका काकूंबरोबर बसाल का? चुका होतील."

ते म्हणाले, "चुका माझ्याही होतात. पण आधी बोलीचं ठरवायला एक दिवस द्या आम्हाला."

मंगळवारी दोघं तासभर फोनवर होते. एक नो ट्रम्प १५ ते १७, स्टेमन, ट्रान्सफर, असे बोलीचे संकेत ठरले. ब्लॅकवुड, म्हणजे एक्के विचारायची बोली, सध्या नको, असं सरच म्हणाले. रात्री काकूंनी मला वहीच्या पानाचा फोटो पाठवला. वर सरांचं नाव आणि फोन नंबर, खाली मोठ्या अक्षरांत: "दोन किलवर म्हणजे प्रश्न आहे. उत्तर द्यायचं." आणि त्याखाली, "गुरुवार, पावणेनऊ."