बेडकावर मीठ टाकण्याआधी

पावसाळा लागला की आमच्या बोरिवलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरायला लागतो. यंदाही आला: 'झाडबेडूक आणि वटवाघूळ एकाच कुळातले. दोघे रात्री उडतात, दोघे विषारी. घरात शिरले तर मीठ टाका.' खाली भराभर अंगठे.

एक कुळ? वटवाघूळ सस्तन, मादी पिल्लाला दूध पाजते. बेडूक उभयचर, अंड्यातून येतो. रात्री बाहेर पडतात एवढंच दोघांत सारखं. मग रात्रपाळीचा वॉचमनही त्यांचाच भाऊबंद. आणि भारतात बेडूक खाणारी वटवाघळंही आहेत. याला कुळाचार म्हणायचं का?

उडण्याचं म्हणाल तर वटवाघळाचा पंख म्हणजे त्याचा हातच, लांबलेल्या बोटांवर ताणलेली कातडी. आंबोलीकडचा मलबारी झाडबेडूक बोटांमधले पडदे पसरून झाडावरून तरंगत उतरतो खरा. पण आपल्या बाथरूममध्ये येणारा तपकिरी झाडबेडूक नुसती उडी मारतो. परवा आमच्याकडे एक गिझरच्या पाइपाखाली टाइल्सवर बसला होता. बोटांच्या टोकांना गोल चकत्या, त्यांच्या जोरावर गुळगुळीत भिंतीला चिकटलेला, गळ्याखालची कातडी तेवढी धपापत होती.

तो माणसाला चावत नाही, विष सोडत नाही. पिंपाच्या कडेला दिसणारा पांढरा फेस म्हणजे त्याचं घरटं. मादी अंगातला स्राव मागच्या पायांनी घुसळून फेस काढते, अंडी त्यात राहतात आणि बेडकाची पिल्लं खाली पाण्यात पडतात. बेडूक पाणीही कातडीतूनच घेतो. त्याच्यावर मीठ टाकणं म्हणजे जिवंतपणी खारा बांगडा करणं.

वटवाघळांबद्दलच्या भीतीत मात्र थोडं तथ्य आहे. निपाहचा विषाणू फळं खाणाऱ्या वटवाघळांत असतो. 2018 मध्ये केरळात माणसं दगावली. महाबळेश्वरच्या गुहेतून 2020 मध्ये घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला निपाहची प्रतिपिंडं सापडली होती. म्हणून उष्टं फळ खाऊ नये आणि पडलेलं वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नये. मिठाचा इथे काय उपयोग? खोलीत शिरलंच तर आधी पंखा बंद करा, मग दिवे, आणि खिडकी सताड उघडा.

बेडकावर मी मग एक डबा पालथा घातला, खालून लग्नपत्रिकेचा पुठ्ठा सरकवला आणि त्याला गॅलरीतल्या अनंताच्या कुंडीत सोडलं.