‘मुलांना विष विकता’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय नीट वाचला. तुमचा मुलगा पीयूसीला (अकरावी-बारावीला) आहे. बेळगावात टिळकवाडीत ट्यूशन सुटली की जवळजवळ रोज आमच्या गाड्यावर गोबी मंचुरियन, फ्राईड राईस खातो, वर कोल्ड्रिंक पितो. त्याचं वजन वाढलं आणि डॉक्टरांनी लिव्हरवर चरबी असल्याचं सांगितलं. तुम्ही लिहिलंय की आम्ही पोरांना विष विकतो, तेल काळं असतं, लाल रंग घालतो, आणि अमेरिकेत अशांना कोर्टात खेचतात. पोराचा असा रिपोर्ट हातात आल्यावर आईची काय अवस्था होते ते कळतं, म्हणून ‘क्षमस्व, पुन्हा भेट द्या’ एवढं लिहून मोकळा होत नाही.

आधी रंगाचं, कारण तो आरोप खरा नाही. कर्नाटक सरकारने मार्च 2024 मध्ये गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदी घातली. राज्यात तपासलेल्या 171 नमुन्यांपैकी 107 मध्ये असे घातक रंग सापडले होते. बंदी योग्यच आहे, आणि ती पाळली जातेय का हे बघायला अधिकारी वरचेवर आले तर मला आनंदच होईल. आमच्या मंचुरियनला लाली येते ती ब्याडगी मिरची भिजवून वाटून. ती भडक नसते. ‘अण्णा, आज रंगच नाही’ म्हणणारी गिऱ्हाइकं अजूनही येतात, त्यांना मी मिरचीचं पोतं दाखवतो.

तुम्हाला काळं दिसलं ते बहुधा परतायच्या लोखंडी कढईतलं; तिथे सोया सॉस पडतो. तळणीची कढई वेगळी. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात ते बिघडल्याची खूण असणारे जे पोलर घटक साठतात त्यांची कायदेशीर मर्यादा जुलै 2018 पासून 25 टक्के आहे. पण मोजायचं यंत्र नसलं तरी तळणाऱ्याला समजतं: तेल फेसाळतं, चिकट होतं, मंद आचेवरच धूर सोडतं. उरलेलं तेल आम्ही दुसऱ्या दिवशीच्या नव्या तेलात ओतत नाही. ते डब्यात साठवतो आणि बायोडिझेलसाठी नेणाऱ्यांना देतो.

एवढं सगळं चोख असलं तरी हा पदार्थ रोज खायचा नाही. हे मी गाड्यावर उभा राहूनही सांगतो. फ्लॉवर नावाला असतो. पोट भरतं मैदा, कॉर्नफ्लॉवर आणि त्यांनी पिऊन घेतलेल्या तेलानं. लोक अजिनोमोटोबद्दल हटकून विचारतात, मिठाबद्दल कोणी विचारत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, आणि मोठा चमचाभर सोया सॉसमध्येच त्यातलं 2 ग्रॅमच्या वर जातं. कोल्ड्रिंकचं तर विचारूच नका. 250 मिलीच्या बाटलीत साधारण 25 ग्रॅम साखर असते, आणि तीच संघटना दिवसभरात शक्यतो तेवढ्यावरच थांबा म्हणते. मंचुरियनवर सगळे तुटून पडतात, पण मला विचाराल तर मुलाची आधी बाटली सोडवा.

आता कोर्टाचं. 2002 साली न्यूयॉर्कमध्ये तिथलं खाऊन लठ्ठपणा आला म्हणून दोन मुलींच्या वतीने मॅकडोनाल्डवर दावा झाला होता. न्यायाधीश रॉबर्ट स्वीट यांनी 2003 मध्ये तो फेटाळला. अति खाल्ल्यानं त्रास होतो हे ज्याला माहीत आहे किंवा माहीत असायला हवं, त्याला त्याच्याच अतिरेकापासून वाचवणं कायद्याचं काम नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. पण 2005 मध्ये अपिलात दाव्याचा जाहिरातींतून दिशाभूल झाल्याचा भाग पुन्हा जिवंत झाला. मला दोन्ही पटतं. ताटात काय आहे ते न लपवणं माझं काम. किती वेळा खायचं हे खाणाऱ्यानं ठरवायचं.

मात्र सतरा वर्षांच्या पोरावर सगळं ढकलून मी हात झटकत नाही. संध्याकाळी इथे उभी राहणारी मुलं मी रोज बघतो. कोणी उचगावहून, कोणी येळ्ळूरहून, कोणी खानापूरहून पहाटे निघालेलं. घरची भाकरी-भाजी अकराला संपते, कॉलेज सुटल्यावर थेट ट्यूशन, घरी पोचायला नऊ वाजतात. मधल्या वेळेत त्यांच्या पोटात काही नसतं, खिशात पन्नास रुपये असतात आणि समोर माझा गाडा असतो. त्या वेळी ‘स्वतःची जबाबदारी’ हे शब्द त्याला ऐकवून काही होत नाही. त्याच्या दप्तरात दुसरा डबा असला तर होतं. शेंगदाणे-गूळ, घडीची पोळी, दोन केळी, काहीही चालेल. ट्यूशनवाल्यांनी मध्ये पंधरा मिनिटं खायला सोडावं, हे मी त्यांनाही सांगितलंय.

मी माझ्या बाजूनेही करून पाहिलं. आपल्याच तालुक्यातली रताळी उकडून, मीठ-मिरपूड लावून ठेवली. शेंगा उकडून ठेवल्या. बहुतेक तशाच उरल्या, घरी न्याव्या लागल्या. तरी शेंगा मी बंद केलेल्या नाहीत, कारण रोज चार-पाच पोरं का होईना, त्या मागतात. ती वाढली तर कढई आपोआप लहान होईल.

तुम्ही शेवटी लिहिलंय, ‘माझ्या मुलाला यापुढे काही देऊ नका.’ ताई, तेवढं मी करणार नाही. भर गर्दीत, मित्रांसमोर त्याला परत पाठवलं तर तो पुढच्या गाड्यावर जाईल, आणि तिथे कोणतं तेल, कोणता रंग हे मला सांगता येणार नाही. त्यापेक्षा त्याला घेऊन दुपारी तीनच्या सुमाराला या, तेव्हा तळण सुरू व्हायचं असतं. कढई, तेलाचे डबे, पीठ, सॉसच्या बाटल्यांवरची लेबलं सगळं त्याच्या हातात देतो. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते त्याला स्वतः बोलू द्या. आठवड्यातून एकदा हाफ प्लेट, बाटली नाही, असं काही त्यानंच ठरवलं, तर गाड्यावर काम करणारी आमची पोरं त्याच्या बाजूने उभी राहतील.