मांजर अजून जातंय

शिंकलं तरी पोट दुखतंय, त्यामुळे सूर जरा चिडका लागला तर समजून घ्या. काल योगा क्लासचा पहिला दिवस होता. का गेले ते विचारू नका, पाठ धरली होती, डॉक्टर म्हणाले हालचाल करा, झालं.

हॉलमध्ये समोर सर, आणि सरांच्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत एक काकू. मला वाटलं फी घेणाऱ्या असतील. तर नाही, विद्यार्थिनीच! दोन्ही गुडघे बदललेत, खाली बसायला मनाई, म्हणून खुर्ची. तीन वर्षं येतायत, एक खाडा नाही. या तीन वर्षांत त्यांनी स्वतः हात वर-खाली करण्यापलीकडे काय केलं देव जाणे, पण बाकीच्यांना काय काय जमत नाही ते त्यांना तोंडपाठ आहे. नावं मात्र लक्षात राहत नाहीत, म्हणून सगळ्यांना मॅटच्या रंगाने हाक. माझी नवीकोरी, निळी.

सुरुवात दंडासनाने. दंडासन म्हणजे पाय समोर पसरून ताठ बसायचं, एवढंच. फोटोत बघितलं तर यात आसन काय आहे असं वाटतं. मी बसले तर पाठीचा कमान-दरवाजा झाला आणि गुडघे आपोआप वर. दाबले की पाठ मागे, पाठ सरळ केली की गुडघे वर, सी-सॉच.

"ए निळी मॅट," खुर्चीतून आवाज आला, "गुडघे टेकव गं. खालून मांजर जाईल."

लोक हसले. मीही हसले, पहिल्या दिवशी हसावंच लागतं. पण काकूंनी ते मांजर सोडलंच नाही. पश्चिमोत्तानासन आलं, म्हणजे त्याच अवस्थेत पुढे वाकून पायाचे अंगठे धरायचे. माझे हात नडगीच्या अर्ध्यावर, तोंड लाल, सर म्हणतायत "श्वास सोडत सोडत", आणि काकू मान वाकडी करून माझ्या गुडघ्यांखाली बघतायत.

"अजून जातंय."

"काकू, पहिलाच दिवस आहे हो माझा."

"मग? मांजराला काय माहीत?"

याला काय उत्तर द्यायचं? पलीकडच्या जांभळ्या मॅटने हसता हसता आसन सोडलं, तर काकू तिला म्हणाल्या, "तू हसू नकोस, तुझ्याखालून पहिल्या महिन्यात बोका जायचा." मला वाटलं चला, आता मोर्चा तिकडे वळला. कसचं काय.

सरांवर माझा वेगळा राग आहे. "जमेल तेवढंच करा, शरीरावर जबरदस्ती नको" असं म्हणतात आणि तिसऱ्या सेकंदाला "अजून थोडं खाली". जमेल तेवढं झालंय ना, मग हे अजून थोडं कुठून आणू? त्यात नावांचा एक जाच. नुसती मांडी घातली की म्हणे सुखासन. कोणाचं सुख? दोन मिनिटांत डाव्या पायाला मुंग्या. सूर्यनमस्काराच्या 12 स्थिती, मी सहावीला अष्टांग जमिनीवर टेकले आणि सातवीसाठी उठलेच नाही. पवनमुक्तासनाबद्दल मी बोलणार नाही, हॉलमध्ये कोणीच बोललं नाही.

रात्री झोप येईना म्हणून मोबाईलवर वाचत बसले. पतंजलींच्या जवळजवळ दोनशे सूत्रांत आसनावर सूत्रं म्हणे फक्त तीन, आणि दुसऱ्या पादातलं, म्हणजे अध्यायातलं, 46वं काय सांगतं, तर स्थिरसुखमासनम्. स्थिर आणि सुखाचं ते आसन. म्हणजे या व्याख्येत अख्ख्या हॉलमधून एकट्या काकूच बसत होत्या, खुर्चीत.

पण मला खरी चीड वेगळ्याच गोष्टीची आहे. शवासन संपलं, लोक मॅटा गुंडाळायला लागले, माझी निळी नवी असल्यामुळे गुंडाळली की परत उलगडत होती, तेव्हा सर येऊन सहज म्हणाले, "उद्या चादरीची घडी आणा, बसताना खाली घ्या. खुर्चीत बसून बसून मांडीमागचे स्नायू आखडतात, ते कंबर मागे खेचतात, म्हणून पाठीला बाक येतो. बैठक थोडी उंच झाली की सरळ बसता येतं." अहो मग हे आधी सांगायला काय झालं होतं! पाऊण तास माझ्या गुडघ्यांखालून मांजर ये-जा करतंय, चाळीस माणसं बघतायत, आणि उपाय काय, तर चादर. कपाटात सहा पडल्यात. नवशिक्याने आधी हसं करून घ्यायचं, मग त्याला चादर मिळते, असा नियम आहे का?

जाताना काकूंनी हाक मारली. "ए निळी, उद्या ये हो. माझ्यासमोरचीच जागा धरून ठेवते." मी तोंडदेखलं हो म्हणाले आणि मनात ठरवलं, परत पाऊल टाकणार नाही.

आज सकाळी बेडरूमचं दार लावून घेतलं. चादरीची चौघडी केली, वर बसले, पाय पसरले. पाठ सरळ. वाकून गुडघ्यांखाली हात घालून बघितला.

मांजर नाही जाणार. पिल्लू जाईल फार तर.