'त आहे' दिसलं की आयएनजी? अजिबात नाही!

माझी भाची आठवीत आहे. परवा तिच्या निबंधाच्या वहीत वाक्य दिसलं, "ग्रँडफादर हॅज स्लेप्ट, सो वी आर नॉट मेकिंग नॉइज." आजोबा झोपले आहेत, असं तिला म्हणायचं होतं. कुठून शिकलीस, विचारलं तर तिनं मोबाइलवर मेसेज काढून दाखवला: 'पाच मिनिटांत इंग्रजी क्रियापद, व्याकरणाची गरज नाही!' आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही तो दोनदा येऊन गेलाय. त्यातली सूत्रं अशी: 'त आहे' आलं की इज आणि आयएनजी, 'ला आहे, ली आहे' आलं की हॅज आणि तिसरं रूप, नुसतं 'ला, ली, ले' आलं की भूतकाळ, काळ एकूण बारा, पाठ करा, 'आय' आणि 'वी'ला शॅल, बाकीच्यांना विल.

सगळ्यात जास्त नुकसान करतं ते 'ला आहे'चं सूत्र. तो बसला आहे, ती झोपली आहे, त्यानं स्वेटर घातला आहे. इंग्रजीत तिन्हीकडे आयएनजी येतं: ही इज सिटिंग, शी इज स्लीपिंग, ही इज वेअरिंग अ स्वेटर. आपल्याकडे 'झोपला आहे' म्हणजे झोपी गेला आणि अजून झोपेतच आहे. इंग्रजीत 'स्लीप' म्हणजे झोपेत असणं, आणि ते तर चालूच आहे. 'हॅज स्लेप्ट' म्हटलंत की आजोबांची झोप होऊन गेली! स्वेटर अंगावर चढवणं आणि तो अंगात असणं यांना तर तिथे दोन वेगळी क्रियापदं आहेत, 'पुट ऑन' आणि 'वेअर'. वाक्याची शेपटी बघून हे कसं कळणार?

'पाऊस पडत आहे'ला आयएनजीचं सूत्र चालतं, हे मान्य. पण 'मला माहीत आहे' यातही 'त आहे' आहेच की. मग 'आय अ‍ॅम नोइंग' लिहायचं? स्थिती सांगणारी क्रियापदं सहसा आयएनजी घेत नाहीत. 'मला वाटतं' असेल तर आय थिंक, 'मी विचार करतोय' असेल तर आय अ‍ॅम थिंकिंग. हा फरक मराठी मुलांना आधीपासून कळतो. त्यांना अर्थाकडे बघायला सांगा, एवढंच.

नुसत्या 'ला-ली'चं म्हणाल, तर आईनं हाक मारली की आपण जागेवरूनच "आलोच!" म्हणतो. तिथे कसला भूतकाळ?

बारा काळांचा तक्ता सरावाला बरा पडतो, तेवढं मी मानतो. पण क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्तविक यांचं 1985चं 'अ कॉम्प्रिहेन्सिव्ह ग्रामर ऑफ द इंग्लिश लँग्वेज' उघडून बघा. त्यात काळ दोनच, वर्तमान आणि भूत. भविष्यासाठी क्रियापदाचं वेगळं रूप इंग्रजीत नाहीच; म्हणून कधी विल, कधी गोइंग टु, तर कधी साधा वर्तमानकाळ: द ट्रेन लीव्ह्ज अ‍ॅट सिक्स. शॅल-विलची वाटणी जॉन वॉलिस यांच्या 1653च्या व्याकरणातली. आज 'आय विल' सर्रास चालतं.

भाचीला मी एकच विचारलं, "आजोबा आत्ता झोपेत आहेत की उठलेत?" "झोपेत," ती म्हणाली, आणि तिनंच 'हॅज स्लेप्ट' खोडून 'इज स्लीपिंग' लिहिलं.