करमलाच्या रसानं रक्तवाहिन्या धुतल्या जात नाहीत

खानापूरच्या मावशीनं परवा फोनवर सहज सांगितलं, "काकांना आजपासून रस चालू केलाय बघ. ग्रुपवर आलंय. सगळं नैसर्गिकच हाय की, काय होतंय?" काका आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी बेळगावला येतात. काय होतंय ते सांगायलाच हे लिहितोय.

मेसेज मागवून घेतला. तोच मजकूर आमच्या अनगोळच्या गल्लीतल्या ग्रुपवर होता, शेजाऱ्यांकडे कानडीतून. आवळा, करमल (स्टार फ्रूट), टोमॅटो आणि नारळपाणी यांचा रस 21 दिवस उपाशीपोटी घ्या. त्यातले अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींची झीज रोखणारी द्रव्यं, अंगातला दाह घालवतात, रक्तवाहिन्या धुऊन काढतात आणि डायलिसिस सुटतं, म्हणे.

लिहिणाऱ्यानं कुठंतरी एक खरी ओळ वाचलेली आहे, त्याचाच जास्त राग येतो. किडनी निकामी झालेल्यांच्या अंगात दाह कायम धुमसत असतो, हे खरं. हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार हेच त्यांच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण, हेही खरं. 2000 साली छापून आलेल्या एका चाचणीत डायलिसिसवरच्या 196 हृदयरुग्णांपैकी काहींना रोज 800 युनिट ई जीवनसत्त्व (तेही एक अँटिऑक्सिडंटच) दिलं, तर त्यांच्यात हृदयविकाराचे झटके, पक्षाघात वगैरे मिळून निम्म्यावर आले. बरं, मान्य. पण 2023 मध्ये कॉक्रेन या औषधोपचारांचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या संस्थेनं किडनीच्या जुनाट आजारातल्या 95 चाचण्या, दहा हजारांवर रुग्ण, एकत्र तपासले. हृदयविकारानं होणाऱ्या मृत्यूंत अँटिऑक्सिडंटमुळे जवळपास काहीच फरक दिसला नाही. उलट हार्ट फेल्युअर आणि जंतुसंसर्ग वाढण्याची शक्यता दिसली. आणि त्या चाचण्यांत मोजूनमापून दिलेली औषधं होती, मिक्सरमध्ये फिरवलेला रस नव्हे.

आता करमल. कापल्यावर चांदणीसारखं दिसणारं ते आंबट फळ. आपण मीठ-तिखट लावून खातो, काही होत नाही, कारण त्यातलं कॅराम्बॉक्सिन नावाचं विष आपली किडनी बाहेर टाकते. ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी ते 2013 मध्ये ओळखलं. ज्याची किडनीच बंद आहे त्याच्या अंगात ते साठतं आणि थेट मेंदूवर जातं. आधी न थांबणारी उचकी, मग उलट्या, भ्रम, आकडी. माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत, आणि काहींना एखादं फळसुद्धा पुरलेलं आहे. किडनीच्या रुग्णाला एका फळाची सक्त मनाई करायची झाली तर ती करमलाची करावी, आणि या महाभागानं नेमकं तेच रोज प्यायला सांगितलंय!

नारळपाणी. शहाळं म्हणा नाहीतर एळनीर, पोटॅशियम तेवढंच: पेलाभर पाण्यात साधारण 500-600 मिलिग्रॅम. वर टोमॅटो. लघवी होत नसेल तर हे पोटॅशियम पुढच्या डायलिसिसपर्यंत रक्तातच राहतं, आणि फार वाढलं तर हृदय ठोका चुकवत नाही, थांबतंच. पाणी किती प्यायचं याचंही काकांना माप ठरवून दिलेलं आहे, ते वेगळंच. आवळ्याचं म्हणाल तर क जीवनसत्त्वाचा अतिरेक झाला की त्याचं ऑक्झलेट होऊन अवयवांत बसतं. जेवणात चवीपुरता, तोही डॉक्टरांना विचारून.

रक्तवाहिन्या 'धुण्या'बद्दल. बोअरच्या पाण्यानं नळाला आतून क्षार धरतात, तसं काहीतरी लोकांच्या डोळ्यांसमोर असतं. पण डायलिसिसच्या रुग्णात कॅल्शियम आणि फॉस्फरस बऱ्याचदा वाहिनीच्या भिंतीतच मुरतात. भिंतीत मुरलेलं रसानं कसं धुणार? ते मुरू नये म्हणून जेवणाबरोबर घ्यायची ती फॉस्फरस अडवणारी गोळी असते, जी काका निम्म्या वेळा विसरतात.

21 दिवसांत डायलिसिस सुटतं, यावर काय बोलायचं? अचानक बंद पडलेली किडनी कधीकधी परत चालू होते, कायमची गेलेली नाही. डायलिसिस सोडलं की माणूसच सुटतो.

काकांनी आंबट लागला म्हणून पहिल्याच दिवशी दोन घोटांवर पेला खाली ठेवला होता, एवढंच नशीब. मी बाटली मोरीत ओतली, डायलिसिसच्या सिस्टरना फोन करून सगळं सांगितलं आणि पोटॅशियम तपासून घेतलं. मावशी रुसली आहे. करमलाचं झाड तिच्याच परसात आहे आणि अजून फळांनी लगडलेलं आहे.