बाकावर बसलेला गोली

जानेवारी संपत आला की आमच्या लोवेलच्या जुन्या रूममेट्सच्या ग्रुपवर कुणीतरी हमखास टाकतं, "2013 आठवतंय ना? अजून वेळ गेलेली नाही." आमच्या युनिव्हर्सिटीचा आइस हॉकी संघ रखडत असेल तर दोनदा टाकतं. मग सगळे अंगठे दाखवतात आणि त्या वर्षाच्या आठवणी निघतात: कसा संघ फिरला, कसा चमत्कार झाला. मी दर वर्षी गप्प बसते. आज लिहितेच, कारण मला तो चमत्कार वाटत नाही.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जाते. मी खडकीची. आमच्याकडे हॉकी म्हणजे गवतावरची, धनराज पिल्लेची. 2012 च्या ऑगस्टमध्ये मी प्लास्टिक इंजिनिअरिंगमध्ये एमएस करायला अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लोवेलला गेले. मेरिमॅक नदीकाठचं जुनं गिरणगाव. लाल विटांच्या लांबलचक कापड गिरण्या, कालवे, आणि गिरण्या बंद पडल्यावर मागे उरते ती सगळी शांतता. लालबागच्या माणसाला तिथे काही समजावून सांगावं लागणार नाही. तर या गावात हिवाळ्याच्या शुक्रवारी-शनिवारी रात्री एकच गोष्ट असते: सॉन्गस सेंटरमध्ये युनिव्हर्सिटीच्या रिव्हर हॉक्सची आइस हॉकी. रूममेटने मला ओढून नेलं. अण्णांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न, "अगं, बर्फावर? मग स्टिक धरायची की तोल सांभाळायचा?"

त्या संघाची आदली दोन वर्षं लक्षात घ्यायला हवीत. 2010-11 मध्ये 5 विजय, 25 पराभव, 4 बरोबरी. अक्षरशः तळ. मग नॉर्म बाझिन प्रशिक्षक म्हणून आला. तो याच कॉलेजचा माजी खेळाडू. 2003 मध्ये दुसऱ्या एका कॉलेजात सहायक असताना भीषण कार अपघातातून वाचलेला माणूस. त्याच्या पहिल्याच वर्षी संघाने 24 सामने जिंकले आणि 1996 नंतर प्रथमच राष्ट्रीय स्पर्धेत पोचला. त्या वर्षी गोलमध्ये उभा असायचा डग कार. 5 वरून 24 वर जाण्याचं श्रेय वाटायला बसलात तर त्याचा वाटा मोठा काढावा लागेल.

म्हणजे मी गेले तेव्हा गावाच्या अपेक्षा वाढलेल्या होत्या, आणि डिसेंबर उजाडला तेव्हा हिशेब होता 4 विजय, 7 पराभव, 1 बरोबरी. स्टेडियममधल्या माझ्या मागच्या रांगेतले एक आजोबा दर पराभवानंतर टोपी काढून पुन्हा घालायचे, एवढंच. शिव्या द्यायचेही कष्ट घेत नसत.

इथे कॉलेज हॉकीचं गणित समजून घ्यायला हवं, नाहीतर "फिरला" या शब्दाला वजनच येत नाही. लीगचे प्ले-ऑफ गाठणं त्या काळी फार अवघड नव्हतं, आमच्या लीगमधल्या, म्हणजे हॉकी ईस्टमधल्या, दहापैकी आठ संघ जायचे. खरी मारामारी त्यापुढच्या राष्ट्रीय स्पर्धेची. देशात पहिल्या श्रेणीचे जवळपास साठ संघ, जागा 16. तेव्हा त्यातल्या पाच लीग जिंकणाऱ्यांना थेट, उरलेल्या 11 आकडेमोडीवर. संघांची एकमेकांशी जोडीने तुलना व्हायची आणि त्या तुलनेत ऑक्टोबरमधला पराभव आणि मार्चमधला पराभव सारखाच मोजला जायचा. शेवटी शेवटी फॉर्मात आलो म्हणून कुणी सवलत देत नाही. डिसेंबरपर्यंत खणलेला खड्डा आधी भरायचा आणि मग वर चढायचं. म्हणून बहुतेक संघांचं फेब्रुवारीतलं पुनरुज्जीवन ऐकायला छान असतं आणि मार्चच्या मध्यात संपतं.

लोवेलने त्यापुढचे 29 सामने कसे खेळले? 24 विजय, 4 पराभव, 1 बरोबरी. पहिल्यांदाच हॉकी ईस्टच्या साखळीत अव्वल, मग बॉस्टनच्या टीडी गार्डनमध्ये लीगची अंतिम लढत बॉस्टन युनिव्हर्सिटीविरुद्ध 1-0 अशी जिंकून पहिल्यांदाच प्ले-ऑफचं विजेतेपद. समोरच्या बाकामागे जॅक पार्कर उभा होता. बॉस्टन युनिव्हर्सिटीचा चाळीस वर्षं प्रशिक्षक राहून त्या मोसमाअखेर निवृत्त होणारा. त्याचा तो शेवटचा सामना ठरला. एका संघाची गोष्ट फिरते तेव्हा दुसऱ्या कुणाची तरी संपते, हे मला त्या रात्री फार टोचलं होतं. (आम्ही मात्र ट्रेनमध्ये घसा बसेपर्यंत ओरडत परत आलो. खोटं कशाला बोलू.)

आता चमत्काराबद्दल. मित्र म्हणतात, ख्रिसमसच्या आधी ड्रेसिंग रूममध्ये काहीतरी घडलं असणार, बाझिनने काहीतरी भाषण दिलं असणार. असेलही, मी तिथे नव्हते. पण एक आकडा उघड्यावर पडलेला आहे. त्या मोसमात पहिल्या वर्षाला आलेला कॉनर हेलेबक नावाचा गोली, म्हणजे गोलकीपर, होता. मिशिगनचा मुलगा, टेक्सासमधल्या ओडेसाच्या ज्युनिअर संघातून आलेला. एनएचएल या व्यावसायिक लीगमधल्या विनिपेग संघाने आदल्या उन्हाळ्यात नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला घेतलं होतं ते पाचव्या फेरीत, 130 व्या क्रमांकावर. म्हणजे यादीत बरंच खाली. वर्षाअखेर त्याच्या नावावर 20 विजय आणि 3 पराभव. सामन्यामागे सरासरी 1.37 गोलच होऊ दिले. संघाचा एकूण हिशेब 28-11-2. वजाबाकी करून बघा. तो गोलमध्ये नसताना संघ होता 8-8-2.

तोच बचाव, तेच फॉरवर्ड, तोच प्रशिक्षक, तेच गाव. एका बाजूला 20-3, दुसऱ्या बाजूला बरोबर निम्मं-निम्मं.

म्हणून माझं मत असं की लोवेल डिसेंबरमध्ये फिरला वगैरे काही नाही. तो चांगलाच संघ होता. फक्त एक निर्णय घ्यायचा बाकी होता आणि तो निर्णय अतिशय कटू होता: ज्याने आदल्या वर्षी तळातून वर काढलं त्याला बसवायचं, आणि नुकतंच शाळेतून आल्यासारखं दिसणाऱ्या पोराला उभं करायचं. बाझिनने ते एका रात्रीत केलं नाही, हळूहळू केलं. पण केलं. फॉरवर्डची चौथी फळी बदलणं सोपं असतं, तिथे कुणाचं नाव पाटीवर नसतं. गोली एकच असतो. त्याला हलवलं की स्टेडियममधल्या पोरासोरांनाही कळतं.

आपण त्याला चमत्कार म्हणतो, कारण चमत्कार म्हटलं की बाकावरच्या माणसाकडे बघावं लागत नाही.

आइस हॉकीत राखीव गोली काय करतो ठाऊक आहे? संपूर्ण पॅड चढवून बाकाच्या टोकाला बसतो आणि खेळाडू बदलताना दाराची कडी काढतो, लावतो. दर मिनिटाला पोरं आत-बाहेर करत असतात, हा दार उघडतोय, बंद करतोय. मी हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. अण्णा फॅक्टरीच्या संघात सात वर्षं दुसरे गोलकीपर होते. मग म्हणाले, "आम्हाला निदान दार नव्हतं."

कार काय विचार करत होता हे मी सांगू शकत नाही, सांगायचंही नाही. एवढंच दिसलं की पुढच्या वर्षीही तो त्याच संघात होता, हेलेबकच्या बरोबरीने, आणि लोवेलने 2014 मध्ये पुन्हा हॉकी ईस्ट जिंकली. हेलेबकचं पुढे काय झालं ते एनएचएल बघणाऱ्यांना सांगायला नको. सर्वोत्तम गोलीची वेझिना ट्रॉफी 2020, 2024 आणि 2025 ला, शिवाय 2025 ला सर्वांत मौल्यवान खेळाडूची हार्ट ट्रॉफी. 130 वा क्रमांक!

यावर आमच्या ग्रुपमधला संदीप दर वर्षी एकच मुद्दा काढतो, की मग येलचं काय? रास्त मुद्दा आहे. त्याच वर्षी येल आपल्या लीगच्या शेवटच्या आठवड्यात 5-0 आणि 3-0 असे सलग दोन सामने हरलं, दुसऱ्यांच्या निकालांवर तगून राष्ट्रीय स्पर्धेत जेमतेम शिरलं आणि थेट विजेतं झालं. वाटेत पिट्सबर्गला उपांत्य सामन्यात आम्हालाच ओव्हरटाइममध्ये 3-2 ने हरवून. तिथे मला काही कटू निर्णय दिसत नव्हता. ते कसं झालं मला अजून नीट उलगडलेलं नाही. संदीपला मी दर वर्षी सांगते, येलचा चमत्कार तू घे, लोवेलचा मला राहू दे.

तो सामना आम्ही नऊ जण एका खोलीत, एका लॅपटॉपवर बघितला. दुसऱ्या पिरियडमध्ये काही सेकंदांच्या अंतराने दोन गोल करून आम्ही 2-2 केलं, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाईंनी झाडूने छत वाजवलं. मग पकवर पक (आइस हॉकीतली रबरी चकती), शॉटवर शॉट, सगळे आमच्याच गोलच्या दिशेने, आणि हेलेबक एकामागून एक अडवतोय. ओव्हरटाइममध्ये येलच्या अँड्र्यू मिलरने गोल केला आणि आमचा स्क्रीन तिथेच काही सेकंद अडकला. पुन्हा सुरू झाला तेव्हा येलची पोरं एकमेकांच्या अंगावर पडलेली. गोल घडताना आमच्यापैकी कुणीच बघितला नाही.

त्या मार्चमधल्या टीडी गार्डनच्या शनिवारचे फोटो कुणाकडे असतील तर कमेंटमध्ये टाका. माझा फोन त्याच रात्री नॉर्थ स्टेशनबाहेर बर्फाच्या ढिगात पडला, तो सापडला पण पुन्हा चालू झाला नाही. एखाद्या फोटोत आमचा बाक आला असेल तर तो आधी टाका.